होडीला काठ हवा

आमच्याकडे पाणी येते ते उन्हात येते. आभाळ निरभ्र असते, बाजरीच्या कणसांवर चिमण्या झोंबत असतात, कितीतरी दिवसांत पावसाचा थेंब पडलेला नसतो. आणि तरीही एका सकाळी उठून पाहावे, तर काल जिथे शेळ्या चरत होत्या तिथे पाणी असते. पाऊस पडलेला असतो तो दूर, नाशिकच्या डोंगरांत आणि भंडारदऱ्याच्या पलीकडे. आपण तो पाहिलेलाही नसतो. गोदावरीने आणि प्रवरेने ते पाणी वाहून आणायचे, पैठणच्या धरणाने ते अडवायचे, आणि अडलेल्या पाण्याने मागे मागे सरकत नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावाशी यायचे, असा हा क्रम आहे. त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. नदी पुढे जाते. फुगवटा मागे येतो. त्याला आवाज नसतो. तो येतो आहे हे कानाला कळत नाही, नाकाला कळते.

उन्हाळाभर उघड्या पडलेल्या गाळावर लोकांनी गाळपेर केलेली असते: कलिंगडे, काकड्या, जनावरांसाठी मका. त्या पिकांचे वाळके वेल, मक्याची खुंटे, शेळ्यांच्या लेंड्या हे सारे पाण्याखाली जाऊ लागले की एक आंबूस, उबदार वास उठतो. पाहुण्यांना तो सोसत नाही. मला तो दिवसभर घराच्या खिडकीशी बसून घ्यावासा वाटतो. गेल्या वर्षापासून मात्र त्या वासात माझ्यापुरती एक काळजी मिसळली आहे. पाणी गावाकडे येऊ लागले की त्याच्याबरोबर होड्याही येऊ लागतात, आणि होड्यांबरोबर प्रश्न येतो: त्या ठेवायच्या कुठे?

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. नकाशात काठ म्हणजे एक निळी रेघ. ती मी इतकी वर्षे फळ्यावर काढत आलो आहे की कधीकधी पाण्यापुढे उभा राहिलो तरी डोळे आधी ती रेघच शोधतात. आमच्या गावाला अशी रेघ नाही. आमचा काठ वर्षभर चालत असतो. वैशाखात तो इतका लांब जातो की धरणात गेलेल्या जुन्या गावाच्या विहिरीचे दगडी तोंड उघडे पडते आणि त्यावर बगळे बसतात. आश्विनात तोच काठ परत येऊन गावाच्या पायऱ्यांना टेकतो. मधल्या सगळ्या जमिनीला सहा महिने जमीन म्हणावे आणि सहा महिने पाणी. होडी ही या चालत्या काठाची सोबतीण. काठ जाईल तिकडे ती जाते, काठ येईल तशी ती येते. तिला दुसरा पत्ता नाही.

आमच्या होडी मंडळाच्या होड्या तीन. म्हणजे तीन होत्या. आता दोन आहेत. त्यांना आम्ही थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो. गावाजवळ पूल नव्हता तेव्हा त्या माणसे, सायकली, उसाचे बेणे आणि नव्या नवऱ्या पैलतीरी नेत असत. रंगूमामा भोई आणि त्यांचे वडील यांनी त्या बांधल्या. पूल झाला आणि होड्या रिकाम्या झाल्या. मासे धरणारे आता थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. तो स्वस्त असतो, हलका असतो, काम झाले की डोक्यावर घेऊन घरी जाता येते. रिकाम्या होड्या कुजू नयेत म्हणून आम्ही काही जणांनी रविवारी सकाळी त्या वल्हवायला घेतल्या. तेच आमचे होडी मंडळ: मी, गावातला शिंपी, एक दूधवाला आणि रंगूमामांची सून शालन. शालन आम्हा सर्वांपेक्षा उत्तम वल्हवते, आणि ते आम्हाला विसरू देत नाही. पहिल्या दिवशी माझ्याकडे थोडा वेळ बघून ती म्हणाली होती, "सर, वल्हं हाय ते, खडू न्हाई. फळ्यावर लिवल्यागत काय करताय? पान्यात घाला की!"

माझ्या घराण्याचा नदीशी संबंध आला तो संध्येपुरता आणि अस्थींपुरता. नदी आमच्याकडे पळीने मोजली गेली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी जेव्हा पहिल्यांदा वल्हे पाण्यात खोल घातले आणि त्या पाण्याने ते मागे ढकलले, तेव्हा मला वाटले, इतकी वर्षे जिला आपण नमस्कार करत होतो तिची ताकद आपल्याला ठाऊकच नव्हती. त्यानंतरचे रविवार मी फारसे चुकवले नाहीत. सकाळच्या थंड पाण्यावर धुक्याचा पातळ थर, वल्ह्यांचा एका तालातला चुबुक आवाज, तळाशी साचलेल्या पाण्यात भिजलेली पावले, आणि मागून शालनचा दम: "डावीकडचे झोपले का?" एवढ्यावर माझा आठवडा निघतो.

दसऱ्याला आमची एक रीत आहे. या विस्तीर्ण पाण्याखाली गोदावरीचे मूळ पात्र आहे. ते कुठून जाते हे रंगूमामा पैलतीरावरचा वड आणि अलीकडची टेकडी यांची जुळणी पाहून सांगतात. दसऱ्याच्या सकाळी तिन्ही होड्या तिथे जायच्या, मूळ पात्रावरचे पाणी कळशीत भरायचे, प्रत्येक होडीच्या तोंडावर ते घालायचे, आणि मग सगळ्यांनी शर्यतीने परत यायचे. पाणी सगळीकडे एकच आहे, हे आम्हाला कळते. तरीही तिथलेच हवे असते.

गेल्या वर्षीच्या हंगामाकडे वळताना एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे: यात दुष्ट माणूस शोधू नये. तो मला सापडलेला नाही.

आमच्या सरपंच मंगलताई या कांदा पिकवणाऱ्या शेतकरी. बोलणे सरळ, चालणे भरभर, आणि एखादे काम मनावर घेतले की तालुक्याच्या साहेबांना जेवू न देणाऱ्या. गावाजवळचा काठ पूर्वी काटेरी झुडपांचा, फुटक्या बाटल्यांचा आणि घाणीचा होता. बायका तिकडे फिरकत नसत. मंगलताईंनी पाठपुरावा करून तो काठ मोकळा केला. पायऱ्या झाल्या, पायऱ्यांच्या वर फरशीचा रस्ता झाला, कडेला दिवे आले. आता गावातल्या बायका सकाळी तिथे चालायला जातात. ज्यांनी जन्मात शेताच्या आणि पाणवठ्याच्या कामावाचून पाऊल टाकले नव्हते, त्या नुसत्या चालण्यासाठी चालतात, हसतात, थांबतात. काठ असा सुंदर झाला, आणि मग त्यावर पडलेल्या जुन्या, डांबर लावलेल्या होड्या नजरेला खुपू लागल्या.

गेल्या चैत्रात मंगलताई स्वतः रंगूमामांच्या दारी गेल्या. मीही तिथे होतो. "मामा, होड्या काय अशा बेवारशावानी उघड्यावर टाकता? सोसायटीचं गोडाऊन मोकळंच हाय. पत्र्याखाली ठेवा. सावली हाय, दार हाय, कुलूप हाय."

रंगूमामांचा चेहरा उजळला. "ताई, आमच्या पिढ्या गेल्या, पन होडीला कुनी कुलूप लावलं न्हाई. चोरायला हुतं काय तिच्यात! आता आमच्या होड्या बंगल्यात राहनार म्हना की!"

आम्ही ट्रॅक्टरची ट्रॉली आणली. तिन्ही होड्या हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून गावातून मिरवत नेल्या. शिंप्याने त्यांच्यावर घालायला उरलेल्या कापडांची रंगीत पांघरुणे शिवली होती. गोडाऊनच्या दारात नारळ फुटला. आभाराचे भाषण मी केले. ते फार चांगले झाले, असे सगळे म्हणाले.

वैशाखात पत्र्याखालची हवा कशी तापते हे कांदा साठवणाऱ्या या तालुक्यात कुणाला सांगायला नको. साफसफाईला आम्ही आत गेलो तेव्हा जुन्या पोत्यांच्या वासात लाकडाचा वास मिसळला होता आणि मधूनच कुठेतरी टक्, टक् असा आवाज येत होता. शिंपी दचकला. रंगूमामा म्हणाले, "लाकूड आळस देतंय. आरामात हाय ना!" आम्ही सगळे हसलो आणि कुलूप लावून घरी आलो; पाणी गावाशी येईपर्यंत, म्हणजे दसऱ्यापर्यंत, होड्या काढायच्या नव्हत्या.

जी होडी जन्मभर अर्धी पाण्यात आणि अर्धी ओल्या गाळात राहिली, तिच्या फळ्या पाण्याने फुगलेल्या असतात; त्या फुगलेल्या असतात म्हणूनच एकमेकींना घट्ट धरून असतात. सांध्यांत कापूस आणि डांबर असते, पण खरा सांधा पाण्याचाच. होडी पाण्यावर तरते ती पाणी पिऊन. हे आमच्यापैकी कुणीही मनात आणले नाही. जन्मभर होड्या बांधणाऱ्याने आणले नाही, आणि बाष्पीभवन शिकवणाऱ्यानेही नाही. काठावर असताना ती ओल न मागता मिळत होती. म्हणून तिला नाव नव्हते, नियम नव्हता, ती कुणी कुणाला शिकवली नव्हती. छप्पर मिळणे ही आम्हा सर्वांना होडीची बढती वाटली. आपल्याला ज्याने सुख होते त्यानेच दुसऱ्यालाही होत असणार, असे माणूस किती सहज धरून चालतो! आणि प्रेमाने धरून चालतो, हे त्यातले अवघड.

दसऱ्याला सगळे गाव पायऱ्यांवर जमले होते. होड्या ट्रॉलीतून पुन्हा मिरवत आल्या, पाण्यात उतरल्या, आणि आम्ही नीट बसायच्या आतच त्यांच्या सांध्यासांध्यांतून बारीक कारंजी उडू लागली. धाकटीत शालन होती, पुढ्यात घासूनपुसून लखलखीत केलेली कळशी. तिने चार वल्ही मारली असतील नसतील. मग होडी कसलाही गाजावाजा न करता, एखादी थकलेली म्हैस बसावी तशी, पाण्यात खाली बसली. शालन छातीभर पाण्यात कळशी डोक्यावर धरून उभी राहिली. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडले, "मामा, होडीला कुलूप लावलं, पान्याला लावायचं राहिलं का?" हशा उसळला. मंगलताई हसल्या नाहीत. रंगूमामा पायरीवर बसून राहिले, आणि त्यांनी त्या दिवशी कुणाच्या हातून आपट्याचे पान घेतले नाही.

मग आम्ही तिन्ही होड्या दगड भरून पाण्यात बुडवल्या. लाकडाला पाणी पाजायचे, एवढेच हाती होते. थोरलीने आणि मधलीने फळ्या पुन्हा जुळवल्या. धाकटीच्या फळ्या खिळे सोडून वळल्या होत्या; त्या वळल्या त्या वळल्याच. तशी होडी बांधणारे हात आता रंगूमामांचे दोनच, आणि तेही थरथरतात. धाकटी त्यांच्या अंगणात पालथी आहे. शालन तिच्यावर कुरडया वाळत घालते. "निदान कामाला तरी येती," असे म्हणते, आणि कुरडया उलटताना होडीकडे पाहत नाही.

मी मृदू बोलतो. लोक त्याला सौजन्य समजतात, आणि मीही बरीच वर्षे तसेच समजत आलो. गेल्या दसऱ्यानंतर मी त्या मृदूपणाची जरा झडती घेतली, तेव्हा त्यात सौजन्य थोडे आणि कुणी नाराज होऊ नये याचे भय अधिक निघाले. कुणी धक्का दिला तरी "असू द्या", कुणी रांगेत पुढे घुसले तरी "असू द्या". सगळे एकमेकांवर प्रसन्न असताना मध्येच एक साधा प्रश्न विचारावा, हे होड्यांना मानवेल का, एवढाच, तर तसा प्रश्न मला सुचतच नाही. कारण न सुचण्याची सवय मीच मनाला लावली आहे. मनात खूप पश्चात्ताप होतो. पण पश्चात्ताप हेही एक उबदार गोडाऊन आहे. त्यात फार काळ राहिले की माणूसही सांध्यासांध्यांत सुकतो. त्यातून बाहेर पडून काहीतरी करावे लागते.

उरलेल्या दोन होड्या हिवाळाभर पाण्यात बांधून होत्या. पाणी मागे हटू लागले तशा त्या मागे हटल्या, आणि उन्हाळ्यात गावापासून दूर, कलिंगडांच्या वाफ्यांपलीकडे, भेगाळल्या गाळाच्या टोकाशी पडून राहिल्या. त्यांच्यावर ओली पोती टाकायला आम्ही पाळीपाळीने चालत जायचो. पायांना आधी तापलेली माती लागायची, मग कोमट चिखल, मग थंड चिखल, मग पाणी. तिथे त्यांना कुणी हरकत घेतली नाही. ज्या काठाला रूप नाही त्याच्यावर कुणी हक्कही सांगत नाही. मग श्रावण आला, फुगवटा निघाला, आणि आमच्या दोघी पाण्याबरोबर हळूहळू दिव्यांच्या, फरशीच्या, गावाच्या काठाकडे येऊ लागल्या.

स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत हा विषय निघणार होता. सदऱ्याच्या गुंड्या लावत असताना माझी पत्नी म्हणाली, "तुमचं ते 'असू द्या' आज घरीच ठेवून जा. मी सांभाळते."

झेंडावंदन झाले, मुलांच्या हातांत जिलेबी पडली, आणि शाळेच्या पटांगणात सतरंजीवर सभा बसली. दोन-तीन विषय झाल्यावर मंगलताई म्हणाल्या, "आता होड्यांचं. पाटबंधारे खात्याला इचारलं, ते म्हनत्यात, जागेचं गावानं ठरवावं. सर, बोला."

मी उभा राहिलो. "होड्यांना काठावर जागा हवी आहे. छपराखाली नको, पाण्याशेजारी हवी."

"फायबरच्या घ्या की सर," मागून एक जण म्हणाला. "गच्चीवर ठेवल्या तरी चालत्यात."

"घेतो की," रंगूमामा मान न वळवता म्हणाले. "मग दसऱ्याला तुला आपट्याऐवजी पिलास्टिकचं पान देतो. चालंल?"

"मामा, चेष्टा बास," मंगलताई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "सर, काठ समद्या गावाचा हाय. आज तुमच्या होड्या ठिवल्या, उद्या कुनी टेम्पो लावंल, परवा कुनी कडब्याची गंज रचंल. तुमाला व्हय म्हनलं तर त्यांना न्हाई कसं म्हनू? सांगा तुमीच."

हा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर मी कित्येक संध्याकाळी त्याच काठावर चालत शोधले होते. मी म्हणालो, "ताई, टेम्पो काठावाचून जगतो. कडबाही जगतो. होडी जगत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. जे काठावाचून जगू शकतं, त्याला काठ देऊ नका. एवढा एकच नियम करा, आणि तो आम्हालाही लावा."

मंगलताईंनी दोन्ही बाजूंना पाहिले. "बरं. पायऱ्यांच्या कडंला ठिवा. पन वरच्या रस्त्यावर न्हाई. तिथं बायका चालत्यात. मंजूर?"

हात वर जाऊ लागले. रंगूमामांनी माझा सदरा ओढला. "बसा सर, मिळालं."

मला बसावेसे वाटत होते. सगळे प्रसन्न होते. अगदी गेल्या चैत्रासारखे प्रसन्न. तीच ऊब माझ्या अंगाला लागली, आणि त्या उबेनेच मला सावध केले. मी उभाच राहिलो.

"ताई, अजून एक सांगायचं आहे. धरण पूर्ण भरलं की सगळ्या पायऱ्या बुडतात. त्या दिवसांत रस्त्याखेरीज जमीनच उरत नाही. तेव्हा होड्या रस्त्यावर येतील. नंतर गुपचूप आणण्यापेक्षा आजच सांगतो."

एकदम गलका झाला. "मग आमी चालायचं कुठून?" एक बाई म्हणाल्या. "होडीत बसून!" कुणीतरी उत्तर दिले, आणि पुन्हा तो हशा आला, दसऱ्याचाच. रंगूमामा माझ्या कानाशी लागले. "सर, गप बसला असता तर काय बिघडत हुतं? त्या येळंला बगितलं असतं की! हातातलं घालवलं तुमी." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. आणखी एक उन्हाळा पत्र्याखाली काढला तर या दोघीही अंगणात पालथ्या होतील, आणि मग या गावात लाकडाची होडी असणार नाही, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. पण अर्धे सांगून मिळवलेली जागा पाण्याच्या पहिल्याच चढावाला गेली असती, आणि तिच्याबरोबर आमच्या शब्दाची पतही.

मंगलताईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. "सर, अजून एक इचारते. एखादं लेकरू त्या होडीत चढलं आन् पान्यात गेलं, तर जबाबदार कोन?"

काठ सगळ्यांचा असला की जबाबदारी कुणाचीच नसते, हे मला त्या प्रश्नाने कळले. आपण काठ मागतो आहोत म्हणजे नक्की काय मागतो आहोत, हेही कळले.

"मी," मी म्हणालो.

"मंडळ न्हाई? तुमी?"

"मंडळ आहेच. पण नाव विचारलंत तर माझं."

बायकांच्या बाजूने शालन उठली. "आन् माझं बी लिवा. सरांला पवता तरी कुठं येतंय नीट!"

यावेळचा हशा वेगळा होता. मंगलताईही त्यात होत्या. मग त्या म्हणाल्या, "या हंगामापुरतं पायऱ्यांशेजारी ठिवा. साखळी लावायची, वल्ही घरी न्यायची. रस्त्याचं म्हनाल तर पानी रस्त्याला लागंल तवा मी सोता येऊन बघीन. आज माज्याकडून व्हय म्हनवून घिऊ नका."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी किंवा शालन साखळी तपासतो, होडीत साचलेले पाणी उपसतो आणि थोडे मुद्दाम ठेवतो. पाणी चढते तशी होडी एक पायरी वर घेतो. या कामात गौरव नाही. शाळेतून आल्यावर कंटाळाही येतो. पाठ दुखते. कधी वाटते, ज्यांना या होड्यांशी देणेघेणे नाही त्यांच्याकडून जागा मागण्याचा आपल्याला काय अधिकार? मग पाण्याच्या कडेला बसलेल्या बायका दिसतात, त्यांच्याही हक्काचा विचार मनात येतो, आणि मी स्वतःला सांगतो: अधिकार मागून मिळत नाही, तो रोज संध्याकाळी येऊन राखावा लागतो, आणि दुसऱ्याच्या वाटेची आठवण ठेवूनच राखावा लागतो.

सध्या पितृपंधरवडा चालू आहे. ऊन पिवळे झाले आहे, काठच्या गवतावर चतुर भिरभिरत आहेत, कावळ्यांना मान आला आहे. काल संध्याकाळी शेवटची पायरी पाण्याखाली गेली.

आज सकाळी आम्ही चौघे जमलो: रंगूमामा, शालन, शिंपी आणि मी. रंगूमामा पाण्याकडे बघून म्हणाले, "सर, उगा ताईला कशाला डिवचायचं? तिकडं बाभळीत नेऊन बांधू. चार दिसांचा तर परशन हाय."

तिकडे तळाशी दगड आहेत, वर काटे आहेत, आणि नजर ठेवायला कुणी नाही. "नाही मामा," मी म्हणालो. "सांगितलं होतं तसंच करायचं. इथेच."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. "आज आवाज चढलाय सरांचा."

आम्ही थोरलीला ओढून फरशीवर घेतले, मग मधलीला. लाकूड फरशीवर खरखरले, तळाचे पाणी रस्त्यावर सांडून ओघळ पुन्हा फुगवट्याकडे धावले. दोघींच्या मध्ये वाट ठेवली, साखळ्या लावल्या, वल्ही शालनच्या हवाली केली. एवढ्यात वळणावरून बायका येताना दिसल्या. पुढे मंगलताई, नेहमीच्या भरभर चालीने. शिंपी म्हणाला, "मी जरा दुकान उघडून येतो." शालन म्हणाली, "थांबा गुमान."

मंगलताई होड्यांपाशी थांबल्या. मागच्या बायकाही थांबल्या. मंगलताईंनी वाकून साखळी ओढून पाहिली. होडीत डोकावून पाहिले. मग पाण्याकडे पाहिले. ते फरशीच्या कडेला टेकले होते, त्यांच्या आणि माझ्या मताची वाट न पाहता.

"किती दिस?" त्यांनी विचारले.

"पाणी उतरेपर्यंत."

"आन् न्हाई उतरलं तर?"

"तर मी रोज सकाळी तुम्हाला इथंच भेटेन."

त्यांनी पदर खोचला, थोरलीच्या कडेवर एक हात टेकला, आणि दोन होड्यांमधून पलीकडे गेल्या. मागोमाग एकेक बाई निघाली. एक जरा अडकली, तशी मागची म्हणाली, "वैनी, पोट आत घ्या!" आणि सगळा घोळका हसत पलीकडे गेला.

पलीकडे जाऊन मंगलताई वळल्या. "सर, ही मधली हातभर सरकवा. उद्यापास्नं आमच्या सासूबाई चालायला येनार हायेत, काठी घिऊन."

रंगूमामा तोवर साखळी सोडायला वाकले होते. आम्ही चौघांनी हात लावले. मधली हातभर सरकली, आणि तिथेच राहिली.